तार पडली, ठिणगी नाही. मग वीज आहे की नाही?

पावसाळ्यात रस्त्यावर किंवा बांधावर तुटून पडलेली तार दिसली की दोन तर्क हमखास ऐकू येतात. ठिणग्या उडत नाहीत, म्हणजे ती बंद असणार. आणि चालू असती तर सबस्टेशनमध्ये फीडर (तिथून निघणारी लाइन) केव्हाच ट्रिप होऊन बंद पडला असता. दुसरा तर्क शिकलेली माणसे करतात, म्हणून तो अधिक घातक. फीडर ट्रिप करणाऱ्या सबस्टेशनमधल्या रिलेला तार दिसत नाही. जमिनीत किती प्रवाह उतरतोय, एवढेच त्याला कळते. ११ केव्हीची तार चिखलात पडली तर प्रवाह भरपूर उतरतो आणि रिले सहसा आपले काम करतो. तीच तार कोरड्या डांबरावर किंवा खडीवर पडली, तर उतरणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की रिलेच्या लेखी तो नेहमीच्या भारातला चढउतारच. मग लाइन चालू राहते, आवाज नाही की ठिणगी नाही. बरे, फीडर ट्रिप झाला तरी निर्धास्त होता येत नाही. लाइनवरचे बरेचसे बिघाड फांदी घासण्यासारखे, क्षणभराचे असतात. त्यामुळे ट्रिप झालेला फीडर पुन्हा चार्ज करून पाहतात, कुठे यंत्र आपोआप करते, कुठे ऑपरेटर. मघाशी बंद असलेली तार अशा वेळी पुन्हा जिवंत होते.

घरातल्या एमसीबीवरचा विश्वासही असाच अस्थानी आहे. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून साधारण ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. सहा अँपिअरच्या एमसीबीला हा पन्नास-साठ वॅटच्या दिव्याइतका किरकोळ भार वाटतो; हृदयाचा ताल बिघडवायला मात्र याच्या निम्म्याहून कमी प्रवाह सेकंदभर पुरू शकतो. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसासाठी गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि तो रस्त्यावरच्या लाइनला नसतो.

मग त्या लाइनपासून आपले रक्षण कोण करते? अंतर. खांबांवरच्या बहुतेक तारा उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. तारेवर पक्षी बिनधास्त बसतो तो तारेला आवरण असते म्हणून नव्हे. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि जमिनीशी त्याचा संबंध नसतो. आपला तो असतो. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, २०२३ पर्यंत लागू असलेल्या २०१० च्या नियमांत मीटरचे हिशेब होते: रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार किमान ५.८ मीटर उंच, ३३ केव्हीपर्यंतची ६.१ मीटर, ११ केव्हीपर्यंतची तार घराच्या भिंतीपासून आडवी निदान १.२ मीटर दूर. गॅलरी पुढे काढली किंवा वर मजला चढवला की हे अंतर आपणच खातो. आता एबी (एरियल बंच्ड) केबल आली, तिला काळे आवरण असते, असा आक्षेप घेतला जातो. आवरण असते हे खरे, पण उन्हाने, फांद्यांच्या घासण्याने आणि जोडांच्या ठिकाणी ते कुठे उघडे पडले आहे, हे खालून कळत नाही.

इंटरनेट आणि टीव्ही केबलच्या गुंतावळ्यांबद्दलही असाच एक गैरसमज आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेत ४८ व्होल्ट, फायबर तर काचेचा. त्यात करंट कुठला? स्वतःचा नसतोच. पण केबलला आधार द्यायला पोलादी तार असते, ती विजेच्या खांबावरून ओढलेली असते, आणि वरची तार निसटून तिला टेकली की दारापर्यंत आलेली ती तार मुख्य लाइनचा भाग होते. ही भीती आजची नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत विजेच्या खांबावरच्या दूरसंचार तारेची ताकद किमान २७० किलो असावी, अशी अट होती; उच्चदाबाच्या लाइनखाली ती असेल तर स्पर्शापासून आणि प्रवर्तनापासून माणसांना वाचवण्याची सोयही बंधनकारक होती. भूमिगत नळ्या महाग पडतात, हे मान्य. पण खांबाला मिळेल तिथे गुंडाळलेली केबल ही काटकसर म्हणता येत नाही. तो खर्च लाइनमनच्या आणि वाटसरूच्या अंगावर ढकललेला असतो.

राहिला प्रश्न रबरी चपलेचा आणि कोरड्या काठीचा. भिजलेल्या, झिजलेल्या चपलेचा २३० व्होल्टलाही भरवसा नाही, आणि ११ केव्हीपुढे काठी म्हणजे केवळ धाडस. शिवाय तारेला हात लावावाच लागतो असेही नाही. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज पसरते आणि दूर जाताना उतरत जाते. दोन पावलांखाली ते वेगळे असले की पायांतून प्रवाह वाहतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांतले अंतर माणसाच्या पावलाहून मोठे, आणि प्रवाहाच्या वाटेत त्याचे हृदयही येते. म्हणूनच शेतात माणूस वाचतो तिथे बैल दगावू शकतो. निदान दहा मीटर लांब राहावे. आधीच जवळ असाल तर पाय जुळवून, न उचलता, थोडे थोडे सरकत मागे यावे. १९१२ वर कळवल्यानंतरही, लाइन बंद करून लाइनमन तिला दोन्ही बाजूंनी अर्थिंग करेपर्यंत ती चालू आहे असेच धरायचे. कारण सबस्टेशनमधून वीज बंद केली तरी कुणाच्या तरी जनरेटरमधून ती उलटी येऊ शकते.