हापूसचे अत्तर निघते काय ?

उन्हाळा सुरू झाला म्हणजे अत्तराच्या दुकानांत वाळा, मोगरा व केवडा यांची मागणी वाढते, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. अलीकडे त्यांच्या पंक्तीस आंबा, अननस, नारळ इत्यादी उष्ण कटिबंधातील फळांच्या वासाची सुगंधी द्रव्ये येऊन बसली आहेत. कुपीवरील रसाळ फळाचे चित्र पाहून बागायतदाराच्या मनात साहजिकच असा विचार येतो की, ज्या फळाचा वास एवढ्या किमतीस विकला जातो, ते फळ आपल्या बागेत झाडाखाली सडत असते. मग त्याचे अत्तर आपणच का काढू नये? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तराने जमिनीवर बोजा चढण्याची वेळ येते. तसा प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या नात्यातच आल्यामुळे हा विषय वाचकांपुढे मांडीत आहे.

आमच्या मेहुण्यांची हापूसची बाग आहे. एका वैशाखात त्यांजकडे एक विक्रेता आला. त्याने दाखविलेल्या कुपीस खरोखरच पिकल्या हापूसचा वास येत होता. गळलेल्या व डागी आंब्यांपासून असे अत्तर काढणारी भट्टी आपण देतो, व निघेल तेवढा माल आपलाच कारखाना विकत घेईल, असे त्याचे म्हणणे होते. भट्टीसाठी कर्ज काढावयाचे ठरले. माझी नोकरी महसूल खात्यात गेलेली असल्यामुळे सातबाऱ्यावर बोजा चढविण्याचे कागद माझ्याकडे वाचावयास आले. मी दोनच प्रश्न विचारले : शंभर किलो आंब्यांतून अत्तर किती ग्रॅम निघते ? आणि खरेदीच्या करारावर सही कोणाची ? पहिल्याचे उत्तर ‘हंगामावर अवलंबून’, आणि दुसऱ्याचे ‘मागाहून पाठवितो’ असे मिळाले. तेव्हा सही लांबणीवर टाकून या विषयाची माहिती करून घेतली. तिचे सार येणेप्रमाणे आहे.

फळाचा वास हा एका पदार्थाचा नसून अनेक उडून जाणाऱ्या द्रव्यांचा मेळ असतो. केळ्याच्या वासात आयसोअमिल ॲसिटेट, तर अननसाच्या वासात एथिल ब्युटिरेट हे प्रमुख होत. अशा द्रव्यांस रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. हापूसचा मेळ याहून गुंतागुंतीचा आहे. त्यात ओसिमीन नावाचे द्रव्य विपुल असते, आणि फळ पिकू लागले म्हणजे लॅक्टोन व फ्युरॅनोन या वर्गांतील द्रव्ये वाढून त्या वासास मधुर गोडी येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी हापूसच्या गंधद्रव्यांचा सविस्तर अभ्यास केलेला आहे.

आता अत्तर का निघत नाही ते पाहू. वाळ्याच्या मुळीत तेल साठलेले असते. ते वाफेबरोबर वर येते व थंड होताच पाण्यापासून वेगळे होते. आंब्याच्या गरात असा तेलाचा साठा नसतो. गर म्हणजे बहुतांशी पाणी व साखर. सुगंधी द्रव्ये त्यात अत्यल्प असतात. शिवाय उष्णता लागताच गराला शिजका वास येऊ लागतो. याचा पडताळा पाहण्यास प्रयोगशाळा नको. आमरस आटवीत असता सारे घर घमघमते, कारण तो वास रसातून निघून जात असतो. आणि खाली उरलेल्या गोळ्याचा वास ताज्या रसाहून अगदी निराळा असतो. आम्हीही घरी भांडे चुलीवर ठेवून वाफेचे पाणी धरून पाहिले. त्यास शिजलेल्या रसाचा मंद वास होता. तेलाचा एक थेंबही नव्हता.

फळांच्या रसाच्या मोठ्या कारखान्यांत रस आटविताना प्रथम निघणारी वाफ धरून तिच्यातील गंध राखतात, हे खरे. परंतु त्यास मोठी यंत्रसामग्री लागते, आणि तो गंध बहुधा रसातच परत मिसळण्याच्या कामी येतो.

मग कुपीत असते ते काय ? ते रसायनांच्या मेळाने रचलेले असते. ही विद्या नवी नव्हे. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात नासपती, सफरचंद व अननस यांच्या वासाचे कृत्रिम अर्क मांडलेले होते. नारळाच्या वासासाठी गॅमा-नोनालॅक्टोन हे द्रव्य सुगंधकार वापरतात. असे सुगंध हलके असल्याने उन्हाळ्यात आल्हाददायक वाटतात. मात्र त्याच हलकेपणामुळे लवकर उडतात, म्हणून त्यांच्या तळाशी चंदनासारखा जड सुगंध बसवावा लागतो. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांस जो इशारा देते, त्यातही केळ्याच्या वासाचे ते आयसोअमिल ॲसिटेट असते. सबब मधमाश्यांच्या पेट्या बाळगणाऱ्याने तसला सुगंध लावून पेटीजवळ जाऊ नये.

फळापासून सुगंधी तेल मुळीच निघत नाही, असे मात्र नाही. लिंबाच्या जातीतील फळांच्या सालीत तेलाच्या पिशव्याच असतात; साल दुमडली असता तुषार उडतो तो याच तेलाचा. इटलीच्या दक्षिणेस कालाब्रिया प्रांतात बर्गमोट नावाचे फळ मुख्यतः सालीतील तेलासाठीच लावतात. आपल्याकडे तापात कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवीत, ते कोलनवॉटरही अशाच सालींच्या तेलांवर रचलेले असून, जर्मनीतील कोलोन शहरी फारिना घराण्याने १७०९ साली त्याचा व्यापार सुरू केला. आपले कागदी लिंबू व संत्रे यांच्या सालींतही तेल असते. मात्र लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल अंगास लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळे डाग पडतात. वाफेने काढलेल्या तेलात हा दोष बहुधा राहत नाही.

ज्यांस घरापुरता फळाचा सुवास हवा, त्यांनी परसात हिरवा चाफा किंवा कवठी चाफा लावावा. हिरव्या चाफ्याचे फूल पिवळे पडू लागले म्हणजे पिकल्या फळासारखे दरवळते. आणि कवठी चाफ्यास तर कवठाच्या वासावरूनच नाव मिळाले आहे. एक फूल कपड्यांत ठेवावे. भट्टीची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. हापूसचा सुगंध कुपीत भरता आला नाही, तरी त्याचे मोल शेतकऱ्यास मिळतेच; कारण गिऱ्हाईक प्रथम आंबा हुंगते व मग भाव विचारते. तो सुगंध राखणे आपल्या हाती आहे. फळ चौदा आणे तयार झाल्यावरच उतरावे. कोवळे फळ पिवळे होते, परंतु त्यास पुरता वास येत नाही. देठासह झेल्याने काढावे, म्हणजे चीक पसरून डाग पडत नाहीत. तेरा अंशांहून कमी तपमानात हापूस ठेवल्यास त्यास थंडी बाधते व तो नीट पिकत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. त्याच्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात, व फळाचा रंग पालटला तरी गंध मागे राहतो. घाई असल्यास इथिलीन वायूची खोली वापरावी. हवेच्या दहा लक्ष भागांत १०० भागांपर्यंत त्यास २०१६ पासून परवानगी आहे. घाई नसल्यास पेंढ्यातील अढी उत्तम.

आमच्या मेहुण्यांनी कर्जाचे कागद परत केले, व हाताशी असलेल्या पैशांतून चांगले झेले आणि प्लॅस्टिकचे क्रेट घेतले. डागी फळ पूर्वीपेक्षा कमी निघू लागले. विक्रेता पुन्हा फिरकला नाही. वाचकबंधूंपैकी कोणाच्या दारी तो आल्यास, कुपी हुंगण्यापूर्वी वरील दोन प्रश्न अवश्य विचारावेत, एवढीच विनंती.