तलवारीची धार आणि बंदुकीची गोळी

मुरामासा नावाचा एक नामांकित कारागीर जपानात होऊन गेला. त्याने घडविलेली तलवार वाहत्या ओढ्यात धार प्रवाहाकडे करून उभी धरली, तर पाण्याबरोबर येणारे प्रत्येक पान तिच्यावर आदळून दुभंगत असे, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. अशा अद्भुत कथांत अलीकडे आणखी एका कथेची भर पडली आहे. जपानी तलवार बंदुकीची गोळीसुद्धा कापते, आणि म्हणून एखादा कसलेला सामुराई योद्धा अंगावर येणारी गोळी तलवारीने अडवू शकेल, असे पुष्कळ लोक मानतात. या समजुतीचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र खरा नाही. आणि पूर्वार्ध खरा असल्यामुळेच उत्तरार्धही अनेकांना खरा वाटतो.

प्रथम ही तलवार कशी घडते ते पाहू. जपानात लोखंडाचे दगड थोडे. पण काही नद्यांच्या वाळूत लोहयुक्त काळी रेती विपुल सापडते. मातीची लांबट भट्टी बांधून तीत कोळसा आणि ही रेती आलटून पालटून घालतात, भाता चालू ठेवतात, आणि सतत तीन दिवस व तीन रात्री भट्टी पेटती राखतात. शेवटी भट्टीच्या भिंती फोडून आतला पोलादाचा धगधगता गोळा बाहेर काढावा लागतो. म्हणजे दर खेपेस भट्टी नवी बांधणे आलेच. या भट्टीला 'तातारा' आणि तीतून निघणाऱ्या उत्तम पोलादाला 'तामाहागाने' म्हणतात. ही कला लोप पावण्याच्या बेतात होती. परंतु १९७७ साली शिमाने प्रांतातील ओकुइझुमो या डोंगराळ भागात ती पुन्हा सुरू करण्यात आली.

हे पोलाद तापवून ठोकतात, त्याची घडी घालतात, पुन्हा ठोकतात. प्रत्येक घडीला थरांची संख्या दुप्पट होते. दहा घड्यांनी १०२४ थर होतात. पंधरा घड्यांनी ३२,७६८. 'या तलवारीला हजारो घड्या घातलेल्या असतात' असे जे लोक सांगतात, ते थर आणि घड्या यांची गल्लत करतात. नुसत्या वीस घड्या घातल्या, तरी थर दहा लाखांवर जातील! घड्या घालण्याचा हेतू साधा आहे. ठोकताना पोलादातील मळी बाहेर पडते आणि त्यातील कर्बाचे प्रमाण सगळीकडे सारखे होते. बहुतेक तलवारींत बाहेरचे पोलाद कठीण आणि आतला गाभा मऊ ठेवलेला असतो. कठीण पोलादाला धार चांगली लागते, पण ते ठिसूळ असते. मऊ पोलाद वाकते, पण सहसा मोडत नाही. दोहोंचा मिलाफ साधणे यातच कारागिराची कसोटी.

यापुढचे काम सर्वांत नाजूक. आपल्याकडील लोहार विळ्याला अगर कोयत्याला पाणी देतो, हे तुम्हांपैकी काहींनी पाहिले असेल. तापलेले पाते एकदम पाण्यात बुडविले की पोलाद कठीण होते. जपानी कारागीर त्याआधी पात्याला ओल्या मातीचा लेप देतो; पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. त्यामुळे पाण्यात बुडविताच धार झटकन निवते आणि अतिशय कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कठीण होताना धारेकडील पोलाद किंचित फुगते, म्हणून पाते पाठीकडे वाकते. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक पुष्कळसा या वेळी येतो. याच क्षणी कित्येक पाती तडकतात आणि अनेक दिवसांची मेहनत फुकट जाते. जे पाते या परीक्षेतून उतरते, ते शिकलगाराच्या हाती जाते. त्याने घासून उजाळा दिला म्हणजे कठीण आणि चिवट भागांच्या सीमेवर लाटेसारखी धूसर रेघ दिसू लागते. तिला 'हामोन' असे नाव आहे.

आता गोळीकडे वळू. २००२ ते २००६ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर चाललेल्या एका लोकप्रिय कार्यक्रमात हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविण्यात आला. तलवार एका चौकटीत घट्ट बसविली, पिस्तूलही जागच्या जागी पक्के केले, आणि नेम बरोबर धारेवर धरून गोळी झाडली. गोळीचे सरळ दोन तुकडे झाले आणि पाते शाबूत राहिले. पुढे त्याच तऱ्हेने मोठ्या मशीनगनच्या गोळ्या धारेवर झाडल्या. पहिल्या काही गोळ्या पात्याने सोसल्या, पण अखेरीस ते मोडले.

हा प्रयोग पाहून प्रेक्षक थक्क झाले यात नवल नाही. परंतु पिस्तुलाची गोळी बहुधा शिशाची असते आणि तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण असते. शिसे इतके मऊ, की नखाने त्यावर ओरखडा उठतो. अशी वस्तू कठीण पोलादाच्या धारेवर वेगाने आदळली तर ती दुभंगणारच. त्यासाठी जपानी तलवारच हवी असेही नाही. कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी झाडून तिचे दोन तुकडे करणे हा पाश्चात्त्य नेमबाजांचा एक जुना खेळ आहे. घरच्या विळीवर भाजी चिरताना पाते स्थिर असते आणि भाजी त्याच्याकडे येते. येथेही तोच प्रकार. चिरण्याचे काम गोळीचा स्वतःचा वेगच करतो.

परंतु दुभंगलेल्या गोळीचे पुढे काय होते? हाच खरा प्रश्न, आणि तोच बहुधा कोणी विचारीत नाही. मऊ शिसे चिरण्यात गोळीच्या वेगाचा थोडासाच अंश खर्च होतो. दोन्ही तुकडे किंचित फाकून पुढेच जातात. म्हणजे तलवारीमागे जो उभा असेल त्याला एका गोळीऐवजी दोन तुकडे लागतील! कापणे निराळे आणि अडविणे निराळे.

शिवाय प्रयोगात तलवार चौकटीत होती, माणसाच्या हातात नव्हती. वर सांगितलेल्या प्रकारच्या पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर जाते. दहा मीटरांवरून झाडलेली गोळी एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात येऊन पोहोचते. डोळ्यांना काही दिसावे आणि हात हलू लागावा, एवढ्यालाच माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. तेवढ्या अवधीत गोळी पन्नास मीटर गेलेली असते. मग तीन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची केसासारखी धार तिच्या मार्गात नेमकी आणून ठेवणे कोणाला जमणार? आणि धारेऐवजी पात्याच्या सपाट बाजूवर गोळी बसली, तर पाते वाकण्याचा किंवा तडकण्याचा संभव असतो.

गोळी अडवायची तर काय लागते, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. गोळीचे वजन १५ ग्रॅम. त्याला २५० या वेगाने गुणले की ३,७५० येतात. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असतो. तो ताशी ८५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतेवीस मीटर वेगाने आला, तर गुणाकार जवळजवळ तेवढाच येतो. या गुणाकाराला संवेग म्हणतात. असा चेंडू आपण हातात झेलतो. मग गोळी प्राण का घेते? कारण संवेग सारखा असला, तरी गोळीतील ऊर्जा चेंडूच्या दसपट असते, आणि ती सारी बोटाच्या टोकाएवढ्या जागी उतरते. ती अडवायची तर तो आघात विस्तृत जागेवर पसरविला पाहिजे. आजच्या गोळीरोधक अंगरख्यात हेच साधलेले असते. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली शोधून काढलेल्या केवलार या चिवट धाग्याच्या वस्त्राचे अनेक थर त्यात एकावर एक असतात. धारेचे कार्य याच्या नेमके उलट. सारे बळ एका बारीक रेषेवर एकवटावे, म्हणूनच तर तिला इतके घासतात. जी वस्तू कापण्यासाठी परिपूर्ण केली, तिने ढालीचे काम करावे ही अपेक्षाच विपरीत आहे.

सामुराईंना हे ठाऊक नव्हते असे समजू नका. १५४३ साली एका चिनी जहाजातून काही पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. त्या काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेचे मुख्य ठाणे आपले गोवा हे होते. या पाहुण्यांजवळच्या तोड्याच्या बंदुका बेटाच्या तरुण सरदाराने विकत घेतल्या, आणि तेथल्या तलवारी घडविणाऱ्या कारागिराला तशाच बंदुका बनविण्यास सांगितले. तलवारीच्या कारागिरांनीच जपानात बंदूक आणली, असे म्हटले तरी चालेल. पुढे अवघ्या बत्तीस वर्षांनी, १५७५ साली, नागाशिनो येथे लढाई झाली. ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी लाकडी कुंपणाआडून गोळ्यांचा वर्षाव केला आणि ताकेदा घराण्याचे अनेक शूर सरदार त्या दिवशी रणांगणावर पडले. त्यांच्या कमरेच्या तलवारी काही हलक्या प्रतीच्या नव्हत्या.

त्यानंतर शहाण्या सरदारांनी गोळीवरचा उपाय तलवारीत शोधला नाही. तो चिलखतात शोधला. चिलखत करणारे कारागीर छातीसाठी जाड, बाकदार लोखंडी पत्रे वापरू लागले. काही कारागीर तर चिलखत तयार झाले की त्यावर स्वतःच बंदूक झाडून पाहत. गोळी आत शिरली नाही, नुसता खळगा पडला, तर माल पक्का. तो खळगा ठोकून सपाट करीत नसत. गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून तसाच ठेवीत. असे खळगे असलेली काही चिलखते आजही पाहावयास मिळतात.