प्रायव्हेट म्हणजे गुप्त नव्हे

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी चिडचिड होते. 'ती प्रायव्हेट कंपनी आहे हो, तिचा हिशेब आपल्याला कुठून दिसणार?' एमबीएचे विद्यार्थी म्हणतात, मुलीला आलेलं नोकरीचं पत्र घेऊन आलेले वडील म्हणतात. परवा भोसरीतले एक वर्कशॉपवाले म्हणाले. एका कंपनीला त्यांनी चार महिने जॉबवर्क करून दिलं होतं. बिलं थकली होती आणि आता तीच कंपनी आणखी मोठी ऑर्डर देऊ करत होती. मी विचारलं, 'त्यांचा ताळेबंद पाहिलात का?' त्यावर हेच उत्तर.

ताळेबंद दिसतो. 100 रुपये भरले की दिसतो. भागधारक असण्याची गरज नाही, कारण सांगण्याचीही नाही.

या गैरसमजाला एक जुनं मूळ आहे, ते मान्य करायला हवं. 1956 च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीचं नफा-तोटा पत्रक कंपनी निबंधकाकडे वेगळं दाखल व्हायचं आणि सभासदाखेरीज कुणाला ते पाहता येत नसे. ताळेबंद मात्र तेव्हाही खुला होता. 2013 च्या कायद्यात ही आडकाठी राहिली नाही. त्याची संबंधित कलमं 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. म्हणजे इतकी वर्षं आपण रद्द झालेल्या नियमाच्या आठवणीवर उधारी देतो आहोत.

दुसरं मूळ त्या शब्दातच आहे. 'प्रायव्हेट' म्हणजे झाकलेलं असं आपण धरून चालतो. कायद्याच्या व्याख्येत त्याचा अर्थ एवढाच की शेअर्सच्या हस्तांतरावर बंधन, सभासद जास्तीत जास्त 200, आणि शेअर्स घ्या म्हणून जनतेला आवाहन करायला मनाई. हिशेब लपवण्याचा हक्क त्यात कुठेही नाही. उलट पुढचा 'लिमिटेड' हा शब्द नीट वाचावा. कंपनी बुडाली तर मालकाचं राहतं घर सहसा वाचतं, कारण त्याची जबाबदारी शेअर्सच्या रकमेपुरतीच असते. नुकसान धनकोंच्या माथी येतं. या सवलतीच्या बदल्यात कायदा कंपनीला सांगतो की तुझा हिशेब उघडा ठेव. आणि ज्यांच्यासाठी तो उघडा ठेवायला लावला, ते माल देणारेच बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कंपनीला वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर 30 दिवसांत एओसी-4 या फॉर्मबरोबर ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लेखापरीक्षकाचा अहवाल दाखल करावा लागतो. वार्षिक विवरणपत्र 60 दिवसांत. शोध कुठून सुरू करायचा? बिलापासून. प्रत्येक कंपनीला लेटरहेडवर आणि बिलावर 21 अक्षरांचा सीआयएन छापावाच लागतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीकृत पत्ता, स्थापनेची तारीख, शेवटचा ताळेबंद कधीचा आणि कर्जापोटी किती रकमेचा बोजा नोंदलेला आहे, एवढं फुकट कळतं. पूर्ण ताळेबंद तिथेच ते 100 रुपये भरून उघडतो. शेवटचा ताळेबंद तीन वर्षांपूर्वीचा असेल तर पुढचं वाचण्याआधीच सावध व्हावं.

वर्कशॉपवाल्यांना मी ताळेबंदाच्या टिपांमधला एकच तक्ता उघडून दाखवला. 2021-22 पासून कंपन्यांना पुरवठादारांची थकबाकी वयानुसार मांडावी लागते : एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन आणि तीनच्या वरची. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेगळ्या ओळीत. माल घेणारा पैसे कधी देतो हे त्याच्याच सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिले. नवी ऑर्डर त्यांनी घेतली नाही.

आता मर्यादाही सांगतो. भागीदारी संस्था आणि एकट्या मालकाची पेढी यांना असा ताळेबंद दाखल करावा लागत नाही, त्यामुळे तो मिळणारही नाही. एलएलपी कंपनी नसली तरी तिला वार्षिक हिशेबाचं विवरण द्यावं लागतं आणि तेही पाहता येतं.

सहकारी साखर कारखान्यांबाबत तर दर वर्षी तोच गोंधळ होतो. विद्यार्थी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कारखान्याचं नाव शोधतात, सापडत नाही, आणि प्रकल्पात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळे होतात. अरे, तो कंपनी कायद्याखाली नाहीच! तो 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली आहे. त्याचा छापील वार्षिक अहवाल सभासदांच्या घरी जातो, गाळपाचे आकडे पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असतात. आणखी एक खोच : साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. हे न बघता गाळप आणि नफा शेजारी मांडले की निष्कर्ष चुकलाच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'कंपनी सरकारकडे रजिस्टर आहे, म्हणजे पैसे सुरक्षित' : नोंदणीचा दाखला हा जन्मदाखला आहे, चारित्र्याचा नव्हे, 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक नोंदणीकृत कंपन्यांची नावं पटावरून काढली. 'भांडवल दहा कोटी' : अधिकृत भांडवल ही नुसती कमाल मर्यादा, भरणा झालेलं भांडवल किती ते बघा. 'लेखापरीक्षण झालंय, म्हणजे आकडे खरे' : सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचंही झालं होतं, आणि जानेवारी 2009 मध्ये ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नसल्याची कबुली खुद्द अध्यक्षांनी दिली.

सीआयएनबद्दलही एक इशारा : त्यात कंपनीच्या उद्योगाचा वर्गीकरण-आकडा असतो, त्यावर विसंबू नका. पुण्यात 1981 साली स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या सीआयएनमध्ये 85110 आहे. 2004 च्या औद्योगिक वर्गीकरणात 85 हा विभाग आरोग्य आणि समाजकार्याचा, 2008 च्या वर्गीकरणात शिक्षणाचा. सॉफ्टवेअरचा दोन्हीकडे नाही.

राहिलं 'हे सगळं घरी मोबाइलवर होतं, ग्रंथालय कशाला?' एका कंपनीचा एक ताळेबंद घरी बघता येतो, जरूर बघा. पण पंधरा वर्षांची ओळ लावायची असेल, त्याच धंद्यातल्या चाळीस कंपन्यांशी ताडून बघायचं असेल, तर सीएमआयईच्या प्रोवेससारखा डेटाबेस लागतो. त्याची वर्गणी एकट्यादुकट्याला झेपत नाही. विद्यापीठांची आणि व्यवस्थापन संस्थांची ग्रंथालयं ती भरतात. संपूर्ण उद्योगाचं चित्र हवं असेल तर उद्योगांच्या वार्षिक पाहणीचे खंड आहेत. त्यात एखाद्या कारखान्याचं नाव मिळणार नाही, पण त्या धंद्यात कच्च्या मालावर आणि मजुरीवर सरासरी किती खर्च होतो ते मिळेल, आणि मग समोरच्या कंपनीचे आकडे त्याला धरून आहेत की नाहीत हे तुमचं तुम्हालाच कळेल. पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारखी ठिकाणं अर्थव्यवहाराच्या जुन्या कागदांसाठीही आहेत.

पुढच्या वेळी कुणी उधारीवर माल मागितला, तर त्याच्या लेटरहेडवरचा सीआयएन उतरवून घ्या आणि माल पाठवण्याआधी जवळच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात या. बिलं थकल्यावर नको, आधी या.