नव्या शेतीपद्धतीची जोखीम कोणी घ्यायची?

भाताच्या खाचरात सदासर्वकाळ पाणी तुंबवून ठेवण्याची गरज नसते, हे कृषिशास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. तरीही उभ्या पिकातले पाणी उतरू द्यायला शेतकरी सहजी धजावत नाही. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु हंगाम हातचा गेला तर तोटा सल्ला देणाऱ्याचा होत नाही, हे कसणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

नेमक्या याच अडचणीवर अमेरिकेने एक वाट काढली. तेथील २००२ च्या कृषी कायद्याने माती, पाणी व हवा यांच्या रक्षणाच्या नव्या पद्धती तपासण्यासाठी अनुदानाची तरतूद केली. २०१८ च्या कायद्याने त्याला प्रत्यक्ष शेतातील चाचण्यांची जोड दिली आणि त्यांसाठी वर्षाला अडीच कोटी डॉलर राखून ठेवले. अनुदान शेतकऱ्याच्या हाती थेट पडत नाही. विद्यापीठ, स्वयंसेवी संस्था किंवा तत्सम भागीदार ते मिळवतो आणि शेतकऱ्यांना सोबत घेऊन काही वर्षे चाचणी चालवतो. नव्या पद्धतीमुळे उत्पन्न घटण्याचा जो धोका असतो, त्यापोटी शेतकऱ्याला मोबदला मिळतो. पर्यावरणाला काय लाभ झाला याबरोबरच पैशाचा हिशेब कसा जुळला, हेही नोंदवावे लागते. योजनेचे मर्म या दुसऱ्या नोंदीत आहे. कारण शेजारचा शेतकरी आधी तेच विचारणार.

भाताचे उदाहरण बोलके आहे. पाण्याखालच्या मातीला प्राणवायू मिळेनासा झाला की तेथील सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. पाण्याची पातळी जमिनीखाली साधारण १५ सेंटिमीटर उतरू द्यायची आणि मग पुन्हा पाणी द्यायचे. या पद्धतीने पाणी वाचते, मिथेनही घटतो. या अनुदानाच्या मदतीने आर्कान्सा, मिसिसिपी आणि कॅलिफोर्नियातील भातउत्पादकांनी तिचा अवलंब केला, आणि २०१७ मध्ये त्यांचे कार्बन क्रेडिट मायक्रोसॉफ्टने विकत घेतले.

अर्थात सारेच आलबेल नाही. ज्या शेतकऱ्यामागे अर्ज लिहिणारी संस्था नाही, तो या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. शिवाय सरकार बदलले की धोरण बदलते. हवामानपूरक शेतमालासाठीची अशीच एक मोठी भागीदारी योजना एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने अर्ध्यावर गुंडाळली.

गोव्यात अशी चाचणी घ्यायचे ठरलेच, तर ती वायंगणी भातातच शक्य आहे. सरदाचे पाणी पावसाच्या मर्जीवर असते. वायंगणात ते सोडणे-अडवणे पुष्कळसे आपल्या हाती असते. खाजन जमिनी मात्र वगळाव्या लागतील. तेथे गोडे पाणी उतरले की खालचा खारेपणा वर चढतो.