भरतीच्या वेळी रोहित कुठे जाणार?

ठाकूरद्वारहून सी. पी. टँक, धोबी तलाव किंवा गोवालिया टँक पायी गाठता येतो, पण तिन्ही ठिकाणी आता तलाव उरलेला नाही. बेटांमधल्या खाड्या आणि वस्तीतले तलाव बुजवूनच मुंबई वाढली. त्यामुळे पाणथळ म्हणजे पडीक जमीन, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. ओहोटीच्या वेळी शिवडीचा चिखल पाहिला, तर हा समज टिकत नाही. या चिखलात सूक्ष्म शेवाळ वाढते. छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि जिभेने पाणी आतबाहेर ढकलतो. चोचीच्या कडांवरच्या बारीक पात्यांत शेवाळ अडकते. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो.

रोहित जिथे चरतात त्या ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण भरती आली की चिखल बुडतो आणि रोहितांना उथळ, निवांत पाण्याची जागा शोधावी लागते. नेरूळची डीपीएस, एनआरआय आणि टी. एस. चाणक्य ही अशी पाणथळे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ओहोटीची जागा राखायची आणि भरतीची सोडून द्यायची, हे अर्धेच संरक्षण झाले. डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाली आणि 2024 मध्ये तो कोरडा पडला.

पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील, असे कोणी म्हणेल. पण भरती दिवसातून दोनदा येते आणि प्रत्येक लांबच्या फेरीत कमावलेली चरबी खर्च होते. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते, मग प्रदूषणाने काय बिघडते, हा दुसरा आक्षेप. शेवाळ वाढते हे खरेच, पण कारखान्यांतून आलेले जड धातूही त्याच चिखलात साठतात आणि अन्नातून पक्ष्यांच्या अंगात जातात. खारफुटी लावली की काम झाले, हेही पुरेसे नाही. खारफुटी किनारा सावरते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, म्हणून ती हवीच; पण गाळ साचून ती उघड्या चिखलावर पसरली, तर रोहितांची चरण्याची जागा आक्रसते. कुठे झाड वाढू द्यायचे आणि कुठे चिखल मोकळा ठेवायचा, हे पाहून ठरवावे लागते.

म्हणून नेरूळची ही पाणथळे खाडीच्याच व्यवस्थापन आराखड्यात घ्यावीत आणि हिवाळ्यात थवे उतरण्याआधी भरतीच्या पाण्याच्या वाटा दरवर्षी मोकळ्या कराव्यात.