डाग दिसत नाही, हीच बातमी

१८९५ साली मिशिगन विद्यापीठातल्या आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, की आपल्या घरातली माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, आपणही तशाच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिननी १९१३ मध्ये तिच्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घराण्यातला बिघाड एमएसएच२ या जनुकात आहे, हे मात्र २००० साली सापडलं. आज या आनुवंशिक अवस्थेला लिंच सिंड्रोम म्हणतात.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं इथे महत्त्वाची: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. यातल्या एखाद्याच्या जनुकात जन्मतःच बिघाड असेल, तर आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. प्रत्येक अपत्याकडे तो बिघाड जाण्याची शक्यता ५० टक्के.

मग घरात कोणाकोणाला कॅन्सर होता, एवढं विचारून भागत नाही का? नाही. कुटुंबं लहान असतात, आजीला नेमकं काय झालं होतं ते कोणाला ठाऊक नसतं. म्हणून उलटीकडून सुरुवात करायची: शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेल्या गाठीचीच तपासणी. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०२० पासून एंडोमेट्रियल कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णासाठी हीच शिफारस केली आहे.

पद्धत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची. गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकायची. प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी दिसतं. इथे नवखे हमखास गोंधळतात (मीही पहिला रिपोर्ट साफ उलटा वाचला होता). रंग ‘निगेटिव्ह’ म्हणजे सगळं ठीक नव्हे. प्रथिन गायब आहे, म्हणजे तपासणीचा निकाल असामान्य आहे. आणि रंग आलाच नाही की प्रयोगच फसला, हे कसं ओळखायचं? त्याच काचेवरच्या लिम्फोसाइट पेशी बघायच्या. त्या निरोगी, त्या तपकिरी व्हायलाच हव्यात. त्याही फिक्या असतील तर निष्कर्ष काढायचा नाही, स्लाइड पुन्हा करायची.

ही प्रथिनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ही जातं. पण पीएमएस२ किंवा एमएसएच६ एकटंच गायब असेल, तर संशय त्याच्याच जनुकावर.

आता खरी मेख. साधारण चौथाई गाठींमध्ये प्रथिन गायब दिसतं, पण लिंच सिंड्रोम असतो खूप कमी जणींना. मँचेस्टरमधल्या २०२० च्या अभ्यासात ५०० स्त्रियांपैकी १६ जणींना तो निघाला. बाकीच्या बहुतेक गाठींमध्ये एमएलएच१चं जनुक शाबूत असतं, फक्त त्याच्या प्रमोटरवर मिथाइल गट चिकटून ते बंद पडलेलं असतं. हा बदल बहुधा त्या गाठीपुरता, वारशाने आलेला नाही. म्हणून एमएलएच१ गायब दिसलं की आधी मिथायलेशनची तपासणी. ते नसेल, किंवा गायब प्रथिन दुसरंच असेल, तर समुपदेशन करून रक्तातल्या जनुकांची तपासणी. ही मधली पायरी गाळली तर कितीतरी घरांना उगाच घोर लागेल.

गाठीचा रिपोर्ट हा संशय असतो, आनुवंशिक निदान नव्हे. कधी गाठीतच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात आणि रक्तात काहीच सापडत नाही. असा पेपर वाचताना ‘म्युटेशन’ शब्द आला, की ते गाठीतलं की जन्मजात, हे आधी तपासा.

रक्तात बिघाड सापडला, तर त्या बाईला पुढे आतड्याचा कॅन्सर होऊ नये म्हणून नियमित कोलोनोस्कोपी सुरू करता येते. तिच्या भावंडांना आणि सज्ञान मुलांना तेवढाच एक बदल तपासून घेता येतो. भावाला गर्भाशय नसलं तरी आतडं आहेच. आणि ज्याच्यात तो बदल नाही, त्याला लिंचसाठीच्या कोलोनोस्कोपीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.