गणित, जीवशास्त्र की दोन्ही?

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे जाणारी मुले शाळेत एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "सर, अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊ की एकच?" आपण गुणपत्रिका मागून घेतो आणि सांगतो, "गुण चांगले आहेत, घे दोन्ही." पण या मुलाच्या आठवड्यात मोकळे तास किती, हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. तो हिशोब मांडून बघू या.

आठवड्याचे तास १६८. रोज ८ तासांची झोप धरली तर ५६ गेले. कॉलेज, प्रात्यक्षिके आणि जाणे-येणे मिळून सहा दिवस ७ तास, म्हणजे ४२. जेवण, आंघोळ, घरची कामे यांना रोज ३, म्हणजे २१. क्लासला १२. खेळ, पाहुणे, सणवार यांना १०. उरले २७.

आता खर्चाची बाजू. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांना वाचन, उदाहरणे, जर्नल धरून घरी प्रत्येकी ५ तास आणि दोन भाषांना मिळून ४ तास लागतात असे समजू. बेरीज १९. जीवशास्त्र वाढले की २४. म्हणजे दोन्ही विषय बसतात. पण हाच विद्यार्थी लांबच्या गावाहून एसटीने येत असेल आणि प्रवासात रोज आणखी एक तास जात असेल, तर उरतात २१. मग गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकच बसते. गुण तेच, उत्तर मात्र वेगळे.

तूट तर तीनच तासांची, ती ओढूनताणून भरून काढू, असे वाटेल. इथे आपली स्मरणशक्ती आड येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते, पुढे हा वेग मंदावतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढे पक्के झाले, जवळपास तेवढेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनीही झाले.

वेळ अपुरा पडला की आधी काय सुटते? जर्नल सुटत नाही, कारण ते तपासून घ्यायचे असते. सुटते ती उजळणी, कारण ती कोणी तपासत नाही. उजळणी लांबली की धडा विसरतो आणि परीक्षेआधी तो जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. जे थोड्या वेळात झाले असते त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे आजची तीन तासांची तूट उद्या आणखी मोठी होते. झोप कापून ती भरता येत नाही, कारण शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

मग एक विषय सोडूनच द्यावा का? घाई नको. अभियांत्रिकीला गणित लागते, वैद्यकीयला जीवशास्त्र. दोन्ही घेतले तर दोन्ही दारे उघडी राहतात, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सर्वांचाच निर्णय झालेला नसतो. मात्र बी. फार्मसीसारख्या अभ्यासक्रमाला दोहोंपैकी एक विषय चालतो, हेही मुलांना माहीत असावे.

आम्ही असे सुचवू की प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे आकडे घालून हा ताळेबंद पालकांसमोर मांडावा. मुलींच्या बाबतीत घरकामाचे तास वेगळे लिहावेत. ते कमी करता आले तर एक विषय वाचू शकतो. सगळे तास वाटून न टाकता दोन-तीन शिल्लक ठेवावेत, कारण ताप सांगून येत नाही. विषय बदलण्याची मुदत कॉलेजच्या कार्यालयात आधीच विचारून ठेवावी. मुदतीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: गेल्या आठवड्यातल्या धड्यांची उजळणी झाली का? उत्तर सतत "नाही" येत असेल तर एक विषय सोडण्यात कमीपणा नाही.

पुढच्या वेळी कोणी हा प्रश्न घेऊन आले, तर गुणपत्रिकेबरोबर कोरा कागदही मागून घेऊ या.